रत्नागिरीच्या कॅलेंडरात लंडनचा एक तास: आंबा हंगामातल्या वेळबदलाचे प्रकरण

मंगळवार, १ एप्रिल २०२५. रत्नागिरी तालुक्यातल्या एका आंबा निर्यातदाराच्या कार्यालयात दुपारी साडेतीनला लंडनच्या खरेदीदाराशी नेहमीचा व्हिडिओ कॉल लावला, तर पलीकडे कोणीच नाही. दहा मिनिटांनी निरोप आला, "तुम्ही वेळ बदललीत का? मी नेहमीप्रमाणे दहाला येऊन थांबलो होतो." त्याच्या सकाळच्या दहाला रत्नागिरीत अडीच वाजले होते. आठवड्याच्या खोक्यांचा आकडा या कॉलवर पक्का होतो आणि तो आल्याशिवाय पॅकहाउसमध्ये प्रतवारी थांबते. त्या दिवशी आकडा संध्याकाळी सहाला आला. रात्री नऊला सुटणारी वाशीची गाडी त्यामुळे साडेअकराला निघाली.

खरे नुकसान मात्र त्यानंतरच्या दुरुस्तीने केले. कागदपत्रे सांभाळणाऱ्या ताईंनी त्याच संध्याकाळी कॅलेंडरातल्या सगळ्या नोंदी हाताने एक-एक तास अलीकडे ओढल्या. बुधवारी नेदरलँड्सच्या आयातदाराचा कॉल त्यांच्या पडद्यावर साडेअकराला दिसत होता, प्रत्यक्षात तो साडेबाराला होता, आणि पॅकहाउसच्या फळ्यावर खडूने लिहिलेले होते दीड. एकाच कॉलच्या तीन वेळा. साडेअकराला वाट पाहून कार्यालय उठले. साडेबाराला मुकादमांचा फोन आला, "ताई, साहेब लाइनवर येऊन बसलेत आणि मी अजून बागेतून निघालोय. दीडचा होता ना?"

इथे कार्यालयाचे नाव दिलेले नाही. वेगवेगळ्या ठिकाणी सुट्या-सुट्या दिसणाऱ्या चुका एकत्र ठेवून हे प्रकरण नमुन्यादाखल मांडले आहे.

तारखांचा योग

युरोपात आणि ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी, ग्रीनिच वेळेनुसार रात्री एकला घड्याळे एक तास पुढे करतात; हीच उन्हाळी वेळ. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेसहा झालेले असतात. अमेरिकेत हाच बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी होतो. परत मागे येताना युरोप ऑक्टोबरचा शेवटचा रविवार पाळतो, अमेरिका नोव्हेंबरचा पहिला. भारताचे घड्याळ वर्षभर ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असते, म्हणजे इथल्या भिंतीवर काहीच हलत नाही. बदल झाला हे कळायची आपल्याकडे कोणतीच खूण नाही.

२०२५ मध्ये युरोपचा बदल ३० मार्चला होता, म्हणजे नेमका गुढीपाडव्याला. सोमवारी ३१ तारखेला रमजान ईद आणि आर्थिक वर्षाची अखेर. बदलानंतर कार्यालय नीट उघडले ते मंगळवारीच, आणि पहिलाच कॉल लंडनचा. अमेरिकेचा बदल त्याआधी, ९ मार्चला झाला होता. गुरुवारी १३ मार्चला न्यू जर्सीच्या खरेदीदाराचा कॉल चुकलाही होता. पण त्या दिवशी होळी, निम्मे कार्यालय शिमग्यासाठी गावी, पालखी दारी यायची म्हणून उरलेल्यांनाही घाई. कॉल चुकल्याचा दोष शिमग्याच्या गडबडीवर गेला. पुढच्या दोन गुरुवारी खरेदीदाराने संध्याकाळी सहाला थेट फोन केला आणि विषय तिथेच राहिला. तेव्हा कोणी "सातचा कॉल सहाला का येतोय?" एवढे विचारले असते, तरी लंडनच्या आधी बरेच दिवस हातात होते.

नोंद कुणाच्या घड्याळाला बांधली आहे

दर आठवड्याला येणाऱ्या नोंदीबरोबर कॅलेंडर तीन गोष्टी साठवते: वेळेचा आकडा, ती कुठल्या झोनची, म्हणजे कुठल्या गावा-देशाच्या घड्याळाची वेळ आहे, आणि ती किती दिवसांनी परत येते. पुढच्या सगळ्या मंगळवारांचा हिशेब त्या झोनच्या घड्याळाने होतो, आणि मग पाहणाऱ्याच्या झोनमध्ये बदलून दाखवला जातो. म्हणून "साडेतीन, भारतीय वेळ" आणि "सकाळी दहा, लंडन" या दोन नोंदी नोव्हेंबर ते मार्च अगदी जुळ्या दिसतात. उन्हाळी वेळ लागली की त्यांच्या वाटा फुटतात.

या कार्यालयाच्या कॅलेंडरात सहा नोंदी होत्या आणि ३० मार्चला त्या सहा प्रकारे वागल्या.

लंडनची नोंद कार्यालयानेच जानेवारीत गूगल कॅलेंडरमध्ये केली होती. झोनला हात लावला नव्हता, म्हणून ती भारतीय वेळेची झाली. ती साडेतीनलाच राहिली आणि खरेदीदाराच्या पडद्यावर आपोआप दहाऐवजी अकराला सरकली. अकराला त्याचे दुसरे काम होते. त्याच्या दृष्टीने वेळ रत्नागिरीने बदलली होती, आणि तांत्रिक अर्थाने ते खरेच होते.

नेदरलँड्सचे निमंत्रण तिकडून आलेले, सकाळी नऊ, अ‍ॅमस्टरडॅमच्या झोनमध्ये. हिवाळ्यात ते इथे दीडला दिसायचे, ३० मार्चनंतर स्वतःच साडेबाराला आले. बाहेरून आलेल्या नोंदींपैकी ही एकटीच बरोबर वागली. ती हाताने अलीकडे ओढल्यामुळे बिघडली. शिवाय निमंत्रिताने ओढलेली वेळ फक्त त्याच्या स्वतःच्या प्रतीत बदलते, बोलावणाऱ्याकडे काहीच जात नाही. त्यामुळे आयातदाराला या गोंधळाचा पत्ता नव्हता.

न्यू जर्सीची नोंद डेस्कटॉपवरच्या आउटलुकमध्ये होती, सकाळी साडेआठ. झोन निवडताना यादीत ग्रीनिचपासून उणे पाच तास दिसले आणि पहिली ओळ निवडली गेली: बोगोटा, लिमा, क्विटो. कोलंबिया, पेरू आणि इक्वेडोर घड्याळे हलवत नाहीत. हवी होती ती त्याच उणे पाचमधली 'ईस्टर्न टाइम, यूएस अँड कॅनडा' ही ओळ. लंडनसाठीही हाच सापळा आहे. विंडोजच्या यादीत शून्य तासांच्या ओळीत 'डब्लिन, एडिनबरा, लिस्बन, लंडन' आहे आणि 'मोनरोव्हिया, रेक्याविक'ही आहे, शिवाय नुसते यूटीसी, म्हणजे वर्षभर न हलणारी ग्रीनिच वेळ. हिवाळ्यात तिन्हींचा आकडा एक, पण उन्हाळ्यात फक्त पहिली ओळ लंडनबरोबर चालते. झोन निवडताना तासांचा आकडा पाहू नये, गावाचे नाव वाचावे.

चौथी नोंद माल हाताळणाऱ्या लंडनच्या एजंटाने पाठवलेल्या कॅलेंडर फाइलमधून आली होती, दर सोमवारी दुपारी दीडला. कॅलेंडर फाइलींचे मानक १९९८ मध्ये आले, २००९ मध्ये सुधारले गेले. त्यात वेळ तीन प्रकारे लिहिता येते: झोनच्या नावासह, शुद्ध यूटीसीमध्ये, किंवा कुठलाच झोन न देता. फाइल नोटपॅडमध्ये उघडून 'डीटीस्टार्ट'ची ओळ शोधली की कळते. ओळीत 'टीझेडआयडी' आणि पुढे युरोप-लंडन असे नाव असेल तर ठीक. आकड्यांच्या शेवटी 'झेड' हे अक्षर असेल तर ती यूटीसी. एकदाच होणाऱ्या भेटीसाठी यूटीसी उत्तम, कारण तो क्षण एकच असतो. दर आठवड्याच्या नोंदीसाठी मात्र ती चूक आहे. एजंटाची फाइल 'झेड'वाली निघाली. त्याची सकाळची आठची भेट उन्हाळ्यात त्याच्याकडे नऊला पडणार होती. पहिला सोमवार ईदच्या सुट्टीत गेला म्हणून ते लक्षात आले नाही.

पाचवा दुबईचा रोजचा कॉल, इथे अकरा, तिथे साडेनऊ. अमिरातीत घड्याळे हलत नाहीत, फरक बारा महिने दीड तासाचा. या नोंदीला हात लावायचे कारणच नव्हते. तिथे रमजानमध्ये कामाचे तास कमी होतात आणि ईदनंतर पूर्ववत होतात, तेवढे मात्र दरवर्षी विचारून घ्यावे लागते. ते कोणत्याही झोनच्या यादीत सापडत नाही.

सहावी वाशीच्या गाडीची, रात्री नऊ. रत्नागिरीहून सुटणारी गाडी रत्नागिरीच्या घड्याळाने चालते. लंडनचा आकडा उशिरा आला म्हणून ती उशिरा सुटली, घड्याळ बदलले म्हणून नव्हे.

आता मंगळवार संध्याकाळच्या सरसकट दुरुस्तीचा परिणाम पाहा. लंडन ऑक्टोबरपर्यंत बरोबर झाले. न्यू जर्सी योगायोगाने सहाला आले, पण बोगोटाचा झोन तसाच, म्हणजे नोव्हेंबरमध्ये पुन्हा चूक. एजंटाची सोमवारची भेटही तशीच तात्पुरती जुळली. नेदरलँड्स, दुबई आणि गाडी, या तीन बरोबर असलेल्या नोंदी चुकल्या. सहांपैकी एकही नोंद कायमची सुधारली नाही.

यात आपल्या बोलण्यातली एक अडचणही मिसळते. "तिकडे घड्याळ तास पुढे गेलं" असे कोणी सांगितले की ऐकणारा कॉलही तासाने पुढे, म्हणजे साडेचारला नेतो. प्रत्यक्षात तिकडचे घड्याळ पुढे गेले की इथे तो कॉल अलीकडे येतो. म्हणून कार्यालयात 'पुढे-मागे' हे शब्द टाळून थेट नवी वेळ सांगावी: "मंगळवारपासून लंडन अडीचला."

दुरुस्ती कशी केली

गुरुवारी सकाळी कोणत्याही नोंदीला हात लावण्याआधी सगळ्या नोंदी कागदावर उतरवल्या आणि प्रत्येकीपुढे दोन प्रश्नांची उत्तरे लिहिली. नोंद कोणी केली? आणि ही वेळ कोणाच्या दिवसावर ठरते? दुसऱ्याने केलेली असेल तर तिला हात नाही. आपण केलेली पण त्यांच्या दिवसावर ठरणारी असेल, तर त्यांच्या झोनमध्ये नव्याने करायची. आपली आणि आपल्याच दिवसाची असेल तर भारतीय वेळेत राहू द्यायची. या अर्ध्या तासाच्या कामाने पुढचा सगळा गुंता सुटला.

मग मंगळवारी विनाकारण ओढलेल्या तीन नोंदी जागेवर नेल्या. नेदरलँड्सची बिघडलेली प्रत सुधारत बसण्यापेक्षा आयातदाराला निमंत्रण पुन्हा पाठवायला सांगितले, आणि जुनी प्रत काढताना 'नकार कळवू नये' हा पर्याय घेतला. नाहीतर तिकडे नकार पोचतो आणि नवी गैरसमजूत सुरू होते.

लंडनच्या नोंदीसाठी जुनी मालिका पुसली नाही. पुसली तर खरेदीदाराला भेट रद्द झाल्याची सूचना जाते आणि जानेवारीपासूनच्या कॉलच्या नोंदीही जातात. ती १ एप्रिलपाशी संपवली आणि ८ एप्रिलपासून नवी मालिका सुरू केली. गूगल कॅलेंडरमध्ये वेळेच्या शेजारी 'टाइम झोन' आहे, तिथे लंडन निवडून मग वेळेत सकाळचे १० लिहिले. झोन आणि आकडा, दोन्ही बदलावे लागतात. नुसता झोन बदलला तर साडेतीन हा आकडा तसाच राहून लंडनचे साडेतीन होऊ शकतात, म्हणजे इथे रात्रीचे आठ. जतन केल्यावर आपल्या पडद्यावर नोंद अडीचला दिसली पाहिजे.

आउटलुकमध्ये न्यू जर्सीसाठी नोंद उघडून वरच्या पट्टीतले (रिबन) 'टाइम झोन्स' हे बटण दाबले. ते दाबेपर्यंत झोनचा रकाना दिसतच नाही, आणि बहुतेक चुकीचे झोन न दिसल्यामुळेच वर्षानुवर्षे टिकतात. इथे आणखी एक काळजी घ्यावी लागते. आउटलुकमध्ये पूर्ण मालिकेची वेळ बदलली की त्यातल्या एकेका दिवसापुरत्या केलेल्या फेरफारांवर पाणी पडते. १ मे हा गुरुवार होता आणि त्या दिवशीचा कॉल आधीच दुसऱ्या दिवशी हलवलेला होता. तो कागदावर टिपून ठेवला म्हणून परत लावता आला.

एजंटाची फाइल ही नुसती आत घेतलेली प्रत होती, निमंत्रण नव्हते. ती काढून लंडनच्या झोनमध्ये सोमवार सकाळी आठ अशी स्वतःची नोंद केली, इथे साडेबारा. एजंटालाही कळवले, कारण तीच फाइल त्याच्या इतर ग्राहकांकडेही गेली असणार.

संगणकाचे घड्याळ

तपासात पॅकहाउसच्या संगणकाचे घड्याळ एक तास मागे आढळले. कोणीतरी "लंडनचा फरक" म्हणून ते हाताने मागे केले होते. असे केल्याने नोंदींच्या वेळा पडद्यावर बरोबरच दिसतात, पण आठवणीची घंटा एक तास उशिरा वाजते: अडीचच्या कॉलची सव्वादोनची सूचना सव्वातीनला. झोन बरोबर असताना घड्याळाला हात लावायचा नाही. 'डेट अँड टाइम'मध्ये 'सेट टाइम ऑटोमॅटिकली' चालू करून 'सिंक नाउ' दाबले की पुरे. तिथेच डेलाइट सेव्हिंगचा, म्हणजे उन्हाळी वेळेचा खटका असतो, आणि भारतीय झोनमध्ये तो फिकट, बंद दिसतो. तो बिघाड नाही. आपल्या झोनमध्ये उन्हाळी वेळच नाही, म्हणून विंडोज तो देत नाही. कॅलेंडरातल्या परदेशी नोंदींशी त्या खटक्याचा काही संबंध नाही.

त्याच संगणकाला दुसरे दुखणे होते. वीज गेली की तारीख काही वर्षे मागे जायची. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपला होता. फरक पंधरा तासांपेक्षा जास्त असला तर विंडोज सहसा स्वतःहून वेळ दुरुस्त करत नाही. म्हणून आधी तारीख हाताने जवळपास आणून मग सिंक करावे लागते. सेल बदलला. समुद्राजवळच्या पॅकहाउसमध्ये सेलच्या खाचेतल्या पत्र्यावर गंज धरतो, तोही कोरड्या कापडाने पुसून घ्यावा.

तक्ता आणि विमान

माल रवाना करण्याच्या तक्त्यात लंडनच्या वेळेत सरळ साडेपाच तास मिळवण्याचे सूत्र होते. असे सूत्र वर्षातले सुमारे पाच महिनेच खरे असते. त्याऐवजी तारखेवरून फरक ठरवणारा स्तंभ केला. बदलाची तारीख काढायला सोपा हिशेब आहे: ३१ मार्चच्या तारखेतून तिचा वारक्रमांक वजा करून १ मिळवायचा, रविवारचा क्रमांक १ धरून. ३१ मार्च २०२५ सोमवार, क्रमांक २, म्हणून ३० मार्च. अमेरिकेसाठी हेच १४ मार्चवर करायचे. १४ मार्च २०२५ शुक्रवार, क्रमांक ६, म्हणून ९ मार्च. ऑक्टोबरसाठी ३१ ऑक्टोबर, नोव्हेंबरसाठी ७ नोव्हेंबर धरायचा.

नियम बदलू शकतात, हे या सूत्राचे दुबळेपण. २००७ मध्ये अमेरिकेने उन्हाळी वेळ एप्रिलऐवजी मार्चमध्ये आणली, तेव्हा जगभरच्या कॅलेंडरांत त्या तीन आठवड्यांतल्या भेटी तासाने सरकल्या आणि त्या परत बसवायला मायक्रोसॉफ्टला वेगळे साधन द्यावे लागले. युरोपीय संसदेने २०१९ मध्ये घड्याळे हलवणेच बंद करावे असे मत दिले, पण सदस्य देशांचे एकमत न झाल्याने ते अमलात आले नाही. म्हणून भेटींसाठी तक्त्यावर विसंबू नये. कॅलेंडरातले नियम विंडोज आणि फोनच्या अद्ययावतीकरणातून बदलतात. अपडेट बंद ठेवलेला जुना फोन याच कारणाने धोक्याचा.

विमानांची गोष्ट वेगळी. विमान कंपन्यांचे उन्हाळी वेळापत्रकही मार्चच्या त्याच रविवारी लागते, त्यामुळे मुंबईहून सुटण्याची भारतीय वेळसुद्धा बदलू शकते. ती हिशेबाने काढायची नाही, नवे वेळापत्रक मागवायचे. ब्रिटन-युरोपच्या आंब्याला ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटांची प्रक्रिया लागते, अमेरिकेच्या आंब्याला विकिरण. या केंद्रांवरच्या पाळ्या विमानाच्या वेळेवरून मागे मोजल्या जातात, म्हणून इथला एक तास रत्नागिरीच्या गाडीपर्यंत मागे येतो. कॅलेंडरात विमानाच्या नोंदीला सुरुवात आणि शेवट वेगळ्या झोनमध्ये देता येतात. समजा, विमान मुंबईहून दुपारी दोनला सुटून लंडनला संध्याकाळी सातला उतरते. तर सुरुवात भारतीय झोनमध्ये, शेवट लंडनच्या. एप्रिलमध्ये तो क्षण इथल्या रात्री साडेअकराचा असतो. जुन्या साडेपाचच्या हिशेबाने साडेबारा लिहिले गेले, तर माल सोडवणारा माणूस तासभर उशिरा पोचतो.

पडताळणी

नोंद बरोबर बसली का, हे पाहायला पुढच्या बदलाची वाट पाहावी लागत नाही. कॅलेंडर पुढे सरकवून बदलाच्या अलीकडचा आणि पलीकडचा आठवडा पाहायचा. लंडन: २१ ऑक्टोबरला अडीच, २८ ऑक्टोबरला साडेतीन. न्यू जर्सी: ३० ऑक्टोबरला सहा, ६ नोव्हेंबरला सात. दुबई चारही तारखांना अकरा. यातल्या २१ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होते, तो कॉल तेव्हाच रद्द करून खरेदीदाराला कळवता आला. लंडन आणि न्यू जर्सी दोघांना एकत्र घ्यायचे असेल, तर मार्चमधले दोन-तीन आणि ऑक्टोबरअखेरचा एक आठवडा वेगळा तपासावा. तेव्हा त्या दोघांमधला फरक पाचऐवजी चार तासांचा असतो आणि तिघांपैकी कोणाचे घड्याळ धरायचे, हे आधी बोलून घ्यावे लागते.

पॅकहाउसच्या फळ्यावर आता भारतीय वेळेबरोबर त्या गावाची वेळही लिहितात: "लंडन १०, आपले अडीच." बदलाच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी बाराला कॅलेंडर आठवण देते. २०२६ साठी तारखा आहेत ६ आणि २७ मार्च, २३ आणि ३० ऑक्टोबर. त्या दिवशी ताई मुकादमांना फोन करून नव्या वेळा सांगतात, आणि मुकादम त्या फळ्यावर लिहून फोटो परत पाठवतात.